मुंबई बंदर बघायला निघण्याआधी: आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

मुंबईत आपलं कुणीच नाही असं घर सांगली-साताऱ्यात शोधावं लागेल. कुणाचे आजोबा गोदीत होते, कुणाचे मामा मशीद बंदरला, कुणाचा भाऊ आजही वाशीच्या बाजारात आहे. पाटण, जावळी, शिराळा या भागातून गेलेल्या माणसांनी पाठीवर पोती वाहिली. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि 1969 साली माथाडी कायदा झाला. एवढं नातं असून आपण मुंबईला जातो ते लग्नाला, दवाखान्याला, नाहीतर मंत्रालयातल्या कामाला. फिरायचं ठरलं तरी एका दिवसात वीस ठिकाणं, ती पण बसच्या खिडकीतून. ज्या बंदरामुळं हे शहर उभं राहिलं, ते बंदरच बघायचं राहून जातं.

आमच्या छोट्या गटांच्या मुंबई सहलीत बंदराला पहिला मान आहे. त्या सहलीला येणाऱ्यांसाठी हे पत्रक काढलं आहे. स्वतःच्या गाडीनं जाणाऱ्यांनाही ते उपयोगी पडावं, म्हणून काही हातचं राखून ठेवलेलं नाही.

एक किनारा, एक दिवस

मुंबईचा नकाशा समोर घ्या. शहर म्हणजे दक्षिणोत्तर लांबलचक पट्टी आहे. पश्चिमेला खुला अरबी समुद्र. गिरगाव, दादर, जुहूच्या चौपाट्या, मरीन ड्राइव्ह, सूर्यास्त, सगळं तिकडं. पूर्वेला, म्हणजे शहर आणि कोकणाची मुख्य भूमी यांच्या मधे, आडोशाचं खोल पाणी. वारा आणि लाटा पश्चिमेकडून येतात, त्या बेटाच्या पाठीवर अडतात आणि आतल्या बाजूला जहाजं निवांत उभी राहतात. म्हणून गोद्या, धक्के, नौदल, मच्छीमार बोटी पूर्वेला आणि फिरायचे कट्टे पश्चिमेला.

आमचं सगळं नियोजन याच एका गोष्टीवर बेतलेलं आहे. एक दिवस पूर्व किनारा, एक दिवस पश्चिम किनारा. सकाळी गेटवे, दुपारी जुहू, संध्याकाळी पुन्हा मरीन ड्राइव्ह असा बेत केला की निम्मा दिवस रस्त्यात जातो, पोरं रडकुंडीला येतात आणि म्हातारी माणसं गाडीतून उतरायला तयार होत नाहीत. दोनच दिवस हाताशी असतील तर ठिकाणं कमी करा, पण शहर उभं-आडवं कापू नका.

जायचं कसं

सांगली, मिरज, कऱ्हाडकरांना रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस सगळ्यात सोयीची. ती सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, म्हणजे बंदराच्या अगदी उंबऱ्यावर सोडते आणि रात्री तिथूनच परत निघते. शुक्रवारी रात्री निघालात तर सोमवारी सकाळी घरी. मधे रजा टाकावी लागत नाही. कोयना एक्सप्रेस दिवसाची आहे, मुंबईत संध्याकाळी पोचवते. खिडकीतून बोरघाट बघायचा असेल तरच ती घ्या. सातारच्या मंडळींना महालक्ष्मी मध्यरात्रीच्या आगेमागे मिळते, त्यामुळं तिकिटावरची तारीख दोनदा वाचा. रात्री बारानंतर तारीख बदलते हे लक्षात न आल्यानं स्टेशनवर नुसतीच गाडी बघत उभी राहिलेली कुटुंबं आम्ही पाहिली आहेत.

रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी सुटतं. पूर्वीसारखे चार महिने मिळत नाहीत. दिवाळी, मे महिना आणि गणपतीत पहिल्याच दिवशी नंबर लावावा लागतो. म्हणून नावं आणि वयं, आधारवर जशी आहेत तशी, आमच्याकडं अडीच महिने आधी द्या. त्यानंतर आलेल्यांना आम्ही नाही म्हणत नाही, पण मग तत्काळवर भिस्त राहते आणि तत्काळची खात्री आम्ही देत नाही.

गाडीनं जाणाऱ्यांसाठी सांगलीहून पेठ नाका, कऱ्हाड, सातारा, खंबाटकी, पुणे, द्रुतगती मार्ग हा नेहमीचा रस्ता. पहाटे चारला निघालात तर पुण्याची गर्दी टळते. पनवेलच्या पुढं आम्ही आवर्जून अटल सेतूवरून जातो. 12 जानेवारी 2024 ला सुरू झालेला हा पूल 21.8 किलोमीटर लांबीचा आहे आणि त्यातला साडेसोळा किलोमीटरचा भाग पाण्यावर आहे. मुंबईकडं जाताना डाव्या हाताला घारापुरीचा डोंगर दिसतो. पुलावर गाडी थांबवायला मनाई आहे. फोटोसाठी चालकाला आग्रह करू नका, दंड होतो आणि मागून गाड्या सुसाट येत असतात. दुचाकीला तर पुलावर प्रवेशच नाही. ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर मोटारींना टोल माफ आहे, पण अटल सेतूचा टोल वेगळा आहे, तो भरावाच लागतो.

भरतीचं गणित घरीच करा

कृष्णेचं पाणी चढतं ते पावसात आणि धरणातून सोडल्यावर. समुद्राचं रोज दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. मुंबईचा बेत ठरवताना ही वेळ माहीत असली की बऱ्याच गोष्टी सोप्या होतात, आणि त्यासाठी मोबाइलही लागत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरमधली तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास भरती. किनाऱ्यावरची माणसं पिढ्यान् पिढ्या हाच हिशोब वापरतात.

उदाहरणार्थ अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे पहाटे सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पाणी भरलेलं आणि दुपारी बाराला पूर्ण ओहोटी. संकष्टीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती आणि सकाळी नवाच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि त्या दिवसांत उधाण असतं. म्हणजे भरती नेहमीपेक्षा मोठी आणि ओहोटीही खोल. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरून चाला. अचूक वेळ हवी असेल तर छापील भरती-ओहोटीचं कोष्टक आमच्या ऑफिसात लावलेलं आहे.

याचा उपयोग काय? हाजीअलीला जायची वाट समुद्रातून आहे आणि मोठ्या भरतीला तिच्यावर पाणी चढतं, म्हणून तिथं ओहोटीची वेळ धरायची. गेटवेला बोटीत चढताना ओहोटी असेल तर खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या आणि ओल्या मिळतात, आजी-आजोबांचा हात सोडायचा नाही. आणि पावसाळ्यात मरीन ड्राइव्हवर लाटा बघायच्या असतील तर उधाणाच्या भरतीची वेळ साधायची, कठड्यापासून लांब राहून. त्याच वेळी जोराचा पाऊस असेल तर मात्र खोलीवरच थांबा. भरतीचं पाणी वर असलं की शहरातलं पावसाचं पाणी समुद्रात उतरत नाही आणि सखल भाग तुंबतात.

पूर्व किनारा: घारापुरीची बोट

आमच्या मते मुंबई बंदर बघायचं सगळ्यात चांगलं तिकीट म्हणजे घारापुरीच्या बोटीचं. गोद्यांच्या आत सामान्य माणसाला सोडत नाहीत. न्हावा-शेव्याच्या बंदरातही परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. पण गेटवेवरून घारापुरीला जाणारी बोट तासाभरात सगळं बंदर डोळ्यांखालून घालते.

गेटवे ऑफ इंडियापासून सुरुवात करू. 1911 साली पाचवे जॉर्ज आले त्याची आठवण म्हणून ही कमान बांधायला घेतली, ती पुरी होऊन 1924 साली खुली झाली. वास्तुविशारद जॉर्ज विटेट. 28 फेब्रुवारी 1948 ला इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीतून बाहेर पडली आणि बोटीत बसली. समोरच्या बागेत छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. ज्यांनी या पाण्यावर मराठ्यांचं आरमार उभं केलं, ते त्या कमानीकडं आणि समुद्राकडं बघत उभे आहेत. आमचा गट तिथं पाच मिनिटं थांबतोच.

बोट सकाळी नऊच्या सुमारास सुटायला लागते. पहिल्या बोटींपैकीच एक धरा. दुपारनंतर वारा वाढतो आणि पाणी हलायला लागतं. डेकवर वर बसायला थोडे जादा पैसे पडतात, ते द्या. निघाल्यावर डावीकडं नौदलाची गोदी आणि युद्धनौका दिसतात. तिकडं कॅमेरा वळवू नका, मनाई आहे. पुढं नांगर टाकून थांबलेली मालवाहू जहाजं लागतात. काहींचा लाल भाग पाण्यावर उंच दिसतो, ती रिकामी. काही गळ्यापर्यंत बुडालेली, ती भरलेली. लहान मुलांना हे दाखवा, पुढची वीस मिनिटं ती जहाजंच ओळखत बसतात. मग जवाहर द्वीप येतं, जिथं तेलाची जहाजं लागतात. आणि पुढं उजवीकडं उंच क्रेनची रांग दिसते, ते न्हावा-शेवा. 1989 साली सुरू झालेलं जवाहरलाल नेहरू बंदर.

तासगाव, मिरज, खानापूरच्या बागायतदारांनी इथं नीट बघावं. जानेवारी ते एप्रिल या काळात आपल्या भागातली निर्यातीची द्राक्षं शीत कंटेनरात बसून बहुतेक इथूनच युरोपला जातात. सांगलीची हळद आणि बेदाणाही याच वाटेनं परदेशी जातो. छाटणीपासून डोळ्यांत तेल घालून जपलेला माल शेवटी कुठल्या पाण्यावर तरंगतो, हे शेतकऱ्यानं स्वतः पाहिलं पाहिजे असं आम्हाला मनापासून वाटतं. द्राक्षाच्या हंगामात वेळ मिळत नाही हे खरं, पण पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर छाटणीची गडबड उरकली की दोन दिवस काढता येतात.

घारापुरीला उतरल्यावर धक्क्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे. त्यानंतर सुमारे 120 पायऱ्या. चढ अवघड नाही, पण उन्हात दमवतो. गुडघे दुखत असतील तर डोलीवाले मिळतात, भाव आधी ठरवून घ्या. लेणी पाचव्या-सहाव्या शतकातली मानतात आणि 1987 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. पुरातत्त्व खात्याचं तिकीट 40 रुपये. मुख्य लेण्यात जवळजवळ 6 मीटर उंच सदाशिवाचं त्रिमुखी रूप आहे. लोक आत शिरतात, त्रिमूर्तीसमोर फोटो काढतात आणि बाहेर पडतात. कृपा करून असं करू नका. डोळे अंधाराला सरावायला पाच मिनिटं द्या. मग गंगावतरण, अर्धनारीश्वर, कैलास हलवणारा रावण, अंधकासुराचा वध असं एकेक पॅनेल उलगडत जातं. आमच्याबरोबर माहितगार माणूस असतो, पण त्यानं सांगायच्या आधी स्वतः ओळखायचा प्रयत्न करा. माकडं हातातली पिशवी ओढतात, खाणं उघडं ठेवू नका. परतीची शेवटची बोट संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराची असते. आम्ही मात्र दोनलाच परत फिरतो.

सोमवारी घारापुरी बंद असते. हे एवढं एक वाक्य ठळक छापलं आहे, कारण सगळ्यात जास्त बेत याच्यावर फसतात. रविवारी उघडी असते पण माणसांवर माणसं असतात. शनिवार चांगला, शुक्रवार त्याहून चांगला.

बोटीत लाइफ जॅकेट घालायचंच. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीकडं निघालेल्या प्रवासी बोटीला अपघात होऊन माणसं बुडाली. त्यानंतर सक्ती वाढली आहे, पण सक्ती नसती तरी आम्ही हेच सांगितलं असतं. मुलाच्या मापाचं जॅकेट मागून घ्या. पोहता येतं म्हणून घालणार नाही असं म्हणणाऱ्या प्रवाशाला आमचा माणूस बोटीत चढू देत नाही. यावर वाद होऊ नये ही विनंती. आणि बोटीत ठरलेल्यापेक्षा जास्त माणसं चढताना दिसली तर आमचा गट खाली उतरतो आणि पुढची बोट घेतो, अर्धा तास गेला तरी चालेल.

ससून डॉक, भाऊचा धक्का आणि 1944

दुसऱ्या दिवशी लवकर उठायची तयारी असलेल्यांना आम्ही कुलाब्याच्या ससून डॉकला नेतो. ही गोदी 1875 सालची. पहाटे पाच ते सात या वेळात बोटी मासळी उतरवतात, लिलाव होतात, कोळणी टोपल्या भरतात. जमीन ओली आणि निसरडी असते, म्हणून चपला नकोत, पायात पक्के बूट हवेत. ही त्यांची कामाची जागा आहे. वाटेत उभं राहायचं नाही आणि विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही. वास सहन होत नसेल, किंवा घरात मासळी चालत नसेल, तर झोप काढा. काही बिघडत नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते, त्या काळात इथं बघण्यासारखं फारसं नसतं.

भाऊचा धक्का माझगावच्या बाजूला. इथून मांडव्याला रो-रो बोट जाते, गाडीसकट. ज्यांना पुढं अलिबागला जायचं आहे त्यांनी ही वाट धरावी. अलिबागचे किल्ले आणि किनारे हा वेगळा बेत आहे, तो मुंबईच्या दोन दिवसांत कोंबू नका.

व्हिक्टोरिया गोदीसमोरून जाताना आम्ही एक गोष्ट सांगतो. 14 एप्रिल 1944 ला तिथं उभ्या असलेल्या फोर्ट स्टिकिन या जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि स्फोटकंही. आग लागली आणि स्फोटांनी गोदी आणि आसपासची वस्ती उद्ध्वस्त झाली. आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे 66 जवान त्यात गेले. देशभर 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो त्यांच्या आठवणीत. त्या वेळी गोदीत काम करणारी आपल्या भागातली माणसंही तिथं होती. आपल्या घरात कुणी जुनं माणूस याबद्दल काही सांगत असे, असं आठवत असेल तर आम्हाला जरूर सांगा. आम्ही ते ऐकायला उत्सुक आहोत.

बॅलार्ड इस्टेटचे रस्ते रविवारी सकाळी रिकामे असतात. अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेल्या भरावावर हा भाग उभा आहे. चालायला सुंदर, सावली भरपूर.

पश्चिम किनारा

याबद्दल थोडक्यात, कारण बहुतेकांना माहीत असतं. सकाळी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, तिथून चालत हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी प्राण दिले त्यांना नमस्कार केल्याशिवाय आमचा गट पुढं जात नाही. दुपारी जेवण, थोडी विश्रांती, मग सिद्धिविनायक. मंगळवार टाळा, अंगारकी तर नकोच. हुतात्मा चौकातून सिद्धिविनायकाला आता भुयारी मेट्रोनं थेट जाता येतं. ऑक्टोबर 2025 मध्ये ती कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि म्हाताऱ्या माणसांसाठी ही मोठीच सोय झाली. संध्याकाळी किनारी रस्त्यानं परत मरीन ड्राइव्ह आणि सूर्यास्त. राणीची बाग आणि शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं. तारापोरवाला मत्स्यालय गेली काही वर्षं बंद असल्यानं ते आमच्या यादीत नाही. मुलांना आधीच सांगून ठेवा.

शहरात फिरताना

रिक्षा दक्षिण मुंबईत चालत नाहीत, वांद्रे आणि शीवच्या पलीकडंच मिळतात. इकडं काळी-पिवळी टॅक्सी, तिचं किमान भाडं 31 रुपये. मीटर टाकायला सांगा. लोकलमध्ये सकाळी गर्दी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि चर्चगेटकडं येणारी असते, संध्याकाळी तिथून बाहेर जाणारी. उलट दिशेनं गेलात तर बसायलाही मिळतं. रविवारी दिवसा मेगाब्लॉक असतो, गाड्या कमी धावतात. गटातला कुणी मागं राहिला तर त्यानं जिथं चुकामूक झाली त्याच फलाटावर थांबायचं, शोधायला फिरायचं नाही. आम्ही परत येतो.

राहायचं पाहुण्यांकडं की लॉजवर, हा प्रश्न दर वेळी निघतो. आपले बरेच पाहुणे कोपरखैरणे, घणसोली या बाजूला आहेत. तिथून गेटवेला पोचायला दीड तास सहज लागतो, आणि पाहुणे प्रेमानं चहा-नाश्त्याशिवाय सोडत नाहीत, ते योग्यच आहे. म्हणून पहिल्या रात्री फोर्टमधल्या लॉजवर राहा. पाहुण्यांना भेटायचं असेल तर शेवटच्या दिवशी आमच्यापासून सुटून निवांत जा. परतीचं तिकीट त्याप्रमाणं आम्ही ठाण्याहून किंवा पनवेलहून गाडी बघून काढून देतो, फक्त आधी सांगा.

पैसे आणि बदल

आमच्या दरात रेल्वे, लॉज, दोन वेळचं जेवण, बोट आणि प्रवेशाची तिकिटं येतात. वरखर्च आणि डोलीचे पैसे तुमचे. जून ते सप्टेंबर बोटींचा भरवसा नसतो, म्हणून त्या महिन्यांत आम्ही ही सहल काढत नाही. इतर वेळी हवामानामुळं बोट बंद राहिली तर बोटीचे आणि लेण्यांचे पैसे त्याच दिवशी परत देतो आणि त्या वेळात संग्रहालय दाखवतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ.

नोंदणीला येताना प्रत्येकाच्या आधारची झेरॉक्स, रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांची यादी आणि सांगलीतल्या एका नातेवाइकाचा फोन नंबर आणा. बोट लागणाऱ्यांनी तसं अर्जावर लिहा, त्यांना मधल्या बाकावर जागा धरतो. वाटेसाठी भडंग आम्ही बांधून देतो, पाण्याची बाटली प्रत्येकानं आपली घ्यायची.